टाहोच्या पूर्वेची धार: एकीकडे तळं, एकीकडे उजाड माळ. आईबाबांना घेऊन कुठला ट्रेल करावा?

कृष्णाकाठ | १९ ऑगस्ट, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बे एरियातल्या (कॅलिफोर्निया) आणि रिनो साइडच्या (नेवाडा) लोकांसाठी टाहोचा, म्हणजे या दोन राज्यांच्या सीमेवरच्या मोठ्या तळ्याचा, प्रश्न आहे, जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आईबाबा ९ सप्टेंबरला येतायत, पहिल्यांदाच. बाबा ६७, आई ६३. बाबा मूळचे माण तालुक्यातले, नोकरी सगळी पाटबंधारे खात्यात, आता रिटायर होऊन साताऱ्यात. अजिंक्यताऱ्यावर अजूनही आठवड्यातून चार दिवस सकाळी चढून जातात, दम वगैरे लागत नाही, बीपीची एक गोळी आहे फक्त. आईलाही चालायला आवडतं पण तिचा उजवा गुडघा उतरताना दुखतो.

तर झालं असं की जुलैमध्ये मी कामासाठी रिनोला गेलो होतो आणि परत येताना माउंट रोझच्या रस्त्याने टाहोला उतरलो. रिनोकडून चढायला लागलो तेव्हा पायथ्याला सगळं करडं, राखाडी झुडपं आणि माती नि दगड, अगदी आपल्या दहिवडी-म्हसवडकडच्या माळासारखं, आणि वरची खिंड ओलांडली की थोड्याच वेळात खाली एवढं मोठं निळंशार तळं आणि काठापर्यंत गर्द झाडी. मी गाडी बाजूला घेऊन उभाच राहिलो. लहानपणी महाबळेश्वरहून एसटीने गावाकडे जाताना बाबा खिडकीतून दाखवायचे, ही बघ पाचगणी, आता झाडं कमी झाली, ही वाई, हे कोरेगाव, हे पुसेगाव, आता बघ नुसत्या बाभळी राहिल्या. तिकडे जे बघायला एसटीत अर्धा दिवस जायचा ते इथे एका डोंगराच्या दोन बाजूंना आहे. त्या क्षणी ठरवलं की बाबांना इथे आणायचं, आणि गाडीतून नाही दाखवायचं, चालत दाखवायचं.

म्हणून विचारतोय, असा कुठला ट्रेल आहे का जिथे धारेवरून चालताना दोन्ही बाजू दिसतात? बाबा ८-१० मैल आरामात चालतील असं मला वाटतं पण उंचीची भीती वाटते, म्हणजे हवा विरळ असण्याची. आईसाठी जवळपास काहीतरी सपाट हवं. सप्टेंबरअखेरचे तीन-चार दिवस डोक्यात आहेत. मी स्वतः टाहोला चार-पाच वेळा गेलोय पण बीच आणि स्कीइंग, ट्रेल कधी केला नाही.

मिसळ_सॅनहोजे | १९ ऑगस्ट, रात्री ११:१५

एमराल्ड बे करा, ईगल फॉल्सवरून ईगल लेकपर्यंत जा, छोटा ट्रेल आहे आणि फोटो भन्नाट येतात. पार्किंगसाठी मात्र सकाळी आठच्या आत पोचा नाहीतर चकरा मारत बसाल. आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन गेलो होतो, खूश झाले.

कृष्णाकाठ | १९ ऑगस्ट, रात्री ११:३२

धन्यवाद, एमराल्ड बे यादीत आहेच, आईला नक्की आवडेल. पण ती पश्चिमेची बाजू झाली ना, तिकडे सगळंच हिरवं. मला ती कोरडी बाजूही हवीये, बाबांना तीच जास्त कळेल.

सिल्व्हरस्टेट | २० ऑगस्ट, सकाळी ७:०५

मी ११ वर्षं रिनोत आहे आणि पूर्वेची ही धार म्हणजे माझं माहेर समजा, दर महिन्यात एक तरी चक्कर असते, त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी हे असं का आहे ते सांगते, बाबांना सांगायला उपयोगी पडेल. पॅसिफिककडून येणारं बाष्प सिएरा नेवाडा पर्वताची मुख्य रांग अडवते, तिथे प्रचंड बर्फ पडतं. तळं त्या रांगेच्या पूर्वेला खोलगटात आहे, त्यामुळे त्यालाही बर्फाचा चांगला वाटा मिळतो. त्याच्याही पूर्वेला कार्सन रेंज नावाची दुसरी भिंत, आणि ती ओलांडून कार्सन सिटीपर्यंत ढग पोचतात तेव्हा त्यांच्यात काही उरलेलंच नसतं. कार्सन सिटीत वर्षाला अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पडतं. फरक एवढाच की आपल्याकडे जो खेळ पावसाळ्यात होतो तो इथे हिवाळ्यात होतो आणि पावसाऐवजी बर्फाने होतो. उन्हाळ्यात दोन्ही बाजूंना पाऊस जवळजवळ नसतोच, झाडं जगतात ती वितळलेल्या बर्फाच्या ओलीवर.

आता ट्रेल. टाहो रिम ट्रेल हा तळ्याला वळसा घालणारा १६५ मैलांचा गोल रस्ता आहे, २००१ मध्ये तो गोल पूर्ण जोडला गेला. तुम्हाला हवाय तो त्याचा पूर्वेचा भाग. माझं मत विचाराल तर टाहो मेडोजपासून दक्षिणेला निघा. माउंट रोझच्या रस्त्यावर खिंडीच्या जरा अलीकडे, तळ्याच्या बाजूला पार्किंग आहे. तिथे आधी मोठं कुरण लागतं, त्यात सपाट गोल वाटा आहेत आणि ओल्या जागी लाकडी फळ्या टाकल्यात, आईंसाठी एकदम योग्य. आणि रिम ट्रेल धरून पुढे गेलात की झाडी विरळ होत होत तुम्ही धारेवर येता. मग उजव्या हाताला टाहो आणि डाव्या हाताला खाली वॉशो व्हॅली, त्यातलं उथळ वॉशो लेक आणि मागे नेवाडाच्या एकामागे एक करड्या रांगा. सलग दोन्ही दिसत नाही, वाट कधी या कुशीतून जाते कधी त्या, पण तेच छान आहे, एका वळणावर फर आणि पाईनची सावली, पुढच्या वळणावर रखरखीत उतार आणि सेजब्रशचा वास. सेजब्रश म्हणजे तेच राखाडी झुडूप, पान चुरडून बघायला सांगा बाबांना. आणि लालसर सालीचा जेफ्री पाईन दिसला तर सालीच्या भेगेला नाक लावा, व्हॅनिलासारखा वास येतो, उन्हात जास्त.

जेवढं जमेल तेवढं जायचं आणि परत फिरायचं, शिखर गाठायचं टेन्शन नाही.

एक महत्त्वाचं. या भागात माउंटन बाईकवाल्यांना फक्त सम तारखेला परवानगी आहे. तुम्ही विषम तारीख निवडा, वाट अरुंद आहे आणि सारखं बाजूला व्हावं लागलं की वयस्कर माणसांची लय जाते.

घसारा | २० ऑगस्ट, सकाळी ९:५०

सिल्व्हरस्टेट यांनी छानच लिहिलंय, मी फक्त पाण्याबद्दल लिहितो पण कृपया मनावर घ्या.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही दोघं मित्र याच धारेचा खालचा तुकडा करायला गेलो, किंग्जबरीपासून स्पूनर समिटपर्यंत, बारा मैलांच्या आसपास. सह्याद्रीत शंभरेक किल्ले केलेत, त्यामुळे बारा मैलांचं काही वाटलं नाही. प्रत्येकी दोन लिटर पाणी घेतलं. नकाशावर तळं वाटेपासून बोटभर अंतरावर दिसतं आणि डोक्यात असं बसतं की पाणी आहेच ना बाजूला. प्रत्यक्षात ते दोन-अडीच हजार फूट खाली आहे आणि मध्ये उतरायला वाट नाही. त्या अख्ख्या तुकड्यात एक ओढा नाही, झरा नाही, काही नाही. दुपारी एक वाजता आमचं पाणी संपलं तेव्हा आम्ही अशा जागी होतो की डोळ्यासमोर पस्तीस किलोमीटर लांबीचं तळं, आणि प्यायला घोट नाही. मित्राच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले, मग त्याला उलटी झाली. समोरून एक वयस्कर जोडपं आलं, त्यांनी न विचारता एक लिटर दिलं आणि त्याच्यासोबत बसून राहिले अर्धा तास. ते भेटले नसते तर काय झालं असतं याचा मी आजही विचार करतो.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. आपल्याकडे घाम येतो तो दिसतो, शर्ट पिळून काढता येतो, त्यामुळे शरीर आठवण करून देतं. इथे हवा इतकी कोरडी की घाम येता येताच वाळतो, कपाळ कोरडं, शर्ट कोरडा, तुम्हाला वाटतं आपल्याला घामच येत नाहीये. तहान लागते तोवर उशीर झालेला असतो. त्यात उंचीवर श्वासातूनही पाणी जास्त जातं.

म्हणून माणशी निदान तीन लिटर, दहा मैल करणार असाल तर चार. अर्धं पाणी संपलं की जिथे असाल तिथून परत. आणि नुसतं पाणी नको, इलेक्ट्राल किंवा मीठ-साखर-लिंबू सोबत ठेवा. टाहो मेडोजमधला सुरुवातीचा ओढा सोडला की पुढे पाण्याच्या भरवशावर राहू नका, आणि ओढ्याचंही फिल्टर केल्याशिवाय पिऊ नका, कितीही स्वच्छ दिसलं तरी.

तळ्यात_मळ्यात | २० ऑगस्ट, दुपारी १२:२०

वरचं सगळं मान्य, पण बाबा पाटबंधारे खात्यातले म्हणताय तर माझं मत मार्लेट लेकला. स्पूनर लेकपासून नॉर्थ कॅनियनमधून जायचं, एका बाजूने पाच मैलांच्या आसपास. चढ साधारण अकराशे-बाराशे फूट, म्हणजे पायथ्यापासून अजिंक्यताऱ्याएवढाच असेल, फक्त पाच मैलांत पसरलेला. वर एक खिंड लागते, ती ओलांडली की खाली मार्लेट, टाहोच्या डोक्यावर सोळाशे फूट उंचावर बसलेलं दुसरं तळं, भोवती दाट झाडी. कॅनियनमध्ये अॅस्पेनची झाडं भरपूर आहेत आणि सप्टेंबर संपताना ती पिवळी व्हायला लागतात, तुमच्या तारखा त्यासाठी उत्तम आहेत. जुन्या अॅस्पेनच्या पांढऱ्या सालींवर बास्क (स्पेन-फ्रान्सच्या सीमेकडून आलेल्या) मेंढपाळांनी कोरलेली नावं आणि तारखा अजून दिसतात.

पण खरी गोष्ट पाण्याची आहे. १८५९ मध्ये पूर्वेच्या कोरड्या डोंगरांत कॉमस्टॉक नावाची चांदीची खाण सापडली आणि व्हर्जिनिया सिटी नावाचं गाव रातोरात वाढलं. माणसं हजारो, खाणी खोल, आणि पाणी नाही. इकडे हिरव्या बाजूला पाणीच पाणी, पण मध्ये ही धार आणि पलीकडे वॉशो व्हॅलीची खोल दरी. तर त्यांनी काय केलं, धारेवरून दरीत लोखंडी पाईप उतरवला आणि समोरच्या डोंगरावर तसाच चढवला, उलटा सायफन, सात मैल लांब. पंप नाही काही नाही, या बाजूचं तोंड त्या बाजूपेक्षा उंच, बस. १८७३ मध्ये त्यातून पाणी पोचलं. पाईपच्या तळाला दाब किती असेल याचा हिशोब बाबा बसल्या जागी करतील, उतार सतराशे फुटांच्या वर आहे. मग मार्लेटचं पाणी घ्यायचं म्हणून लाकडी पाट काढला आणि धारेखालून चार हजार फुटांचा बोगदा खणला, तो १८७७ मध्ये पूर्ण झाला. त्या पाटाच्या जागेवरून आज जी वाट जाते तोच प्रसिद्ध फ्लूम ट्रेल, पण ती कड्यावरची अरुंद वाट सायकलवाल्यांची आहे, आईबाबांना घेऊन तिकडे जाऊ नका. व्हर्जिनिया सिटीला आजही याच भागातून पाणी जातं.

आणि हो, चालताना जे जंगल दिसेल ते जुनं नाही. खाणींना आधार द्यायला लाकूड लागायचं, त्यासाठी या बाजूचे डोंगर एकोणिसाव्या शतकात जवळजवळ बोडके केले होते. आत्ता आहे ते बहुतेक त्यानंतर उगवलेलं. मला हे कळल्यापासून त्या झाडांकडे बघायची नजर बदलली.

कृष्णाकाठ | २० ऑगस्ट, रात्री ९:१०

काय लिहिलंय लोकहो, मी दुपारी मीटिंगमध्ये वाचत होतो. सायफनचं बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले पाईपची जाडी किती, जोड कसे केले, गळती कशी थांबवली, मी म्हटलं तुम्ही या आधी. मग स्वतःच सांगत बसले की उरमोडीचं पाणी माण-खटावला न्यायचं म्हटल्यावर लोक कसे हसायचे.

म्हणजे आता दोन्ही करावं लागणार असं दिसतंय. तीन रात्री टाहोत. आणखी तीन शंका आहेत. उंचीचं काय करू, अस्वलांचं काय करू, आणि सप्टेंबरमध्ये वणव्याचा धूर असतो का?

सिल्व्हरस्टेट | २० ऑगस्ट, रात्री १०:०२

उंची: तळ्याचा पृष्ठभागच १८९७ मीटरवर आहे, म्हणजे काठावर उभं राहिलात तरी तुम्ही कळसूबाईच्या (१६४६ मीटर) वर आहात. टाहो मेडोज त्याच्याही सातशे मीटर वर. बे एरियातून पहाटे निघून थेट तिथे चालायला लागू नका. पहिल्या दिवशी पोचून आराम, संध्याकाळी स्पूनर लेकला चक्कर मारा, दोनेक मैलांचा सपाट फेरा आहे, आईही येतील. रात्री तळ्याकाठी झोपा. डोकं जरा जड होणं, झोप तुटक लागणं हे होतं बऱ्याच जणांना. पण डोकेदुखी वाढत गेली, मळमळ आली, चालताना तोल जायला लागला तर वाद न घालता खाली उतरवायचं. बीपीच्या गोळीबद्दल निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला, काही गोळ्यांनी लघवीला जास्त होते आणि या कोरड्या हवेत ते आणखी जड जातं.

अस्वल: काळी अस्वलं आहेत, भरपूर आहेत, पण दिवसा ट्रेलवर माणसाला बघून सहसा तीच निघून जातात. त्रास गाडीला आहे. गाडीत खाऊ ठेवायचा नाही, एक चिक्कीचं पाकीट नाही, लाडूचा डबा तर मुळीच नाही. दार कसं उघडायचं हे त्यांना माहीत आहे, आणि एकदा माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल शेवटी मारलं जातं, म्हणून हे आपल्यापेक्षा त्यांच्यासाठी पाळायचं.

वाटेवरची माती: ग्रॅनाइट झिजून झालेला मुरूम आहे. कोरडा, मोकळा, पायाखाली गोळ्यांसारखा फिरतो. चढताना काही नाही, उतरताना आईंचा गुडघा बोलणार. दोन काठ्या द्या हातात, एक नको, दोन.

घसारा | २० ऑगस्ट, रात्री १०:४०

धुराचं सांगता येत नाही. २०२१ मध्ये काल्डोर वणवा लागला तेव्हा ३० ऑगस्टला साउथ लेक टाहो सगळं गाव रिकामं करायला लावलं होतं. दरवर्षी तसं नसतं पण ऑगस्ट-सप्टेंबर हाच तो काळ. निघायच्या आदल्या रात्री हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक (AQI) बघा, दीडशेच्या वर असेल तर ट्रेल रद्द, बाबा कितीही म्हणाले तरी. बुकिंग पैसे परत मिळणारं करा.

धारेवर दुपारी ढग जमायला लागले तर तिथे थांबू नका, विजा पडतात. सकाळी साडेसातला चालायला लागा, म्हणजे बारा-एकपर्यंत परतीला असाल. पहाटे तीन-चार डिग्री असतं, दुपारी वीसच्या वर, त्यामुळे कपडे थर करून घाला.

मिसळ_सॅनहोजे | २१ ऑगस्ट, सकाळी ८:३०

मी दहा वर्षं टाहोला जातोय आणि यातलं काहीच माहीत नव्हतं. धागा सेव्ह केला. कृष्णाकाठ, जाऊन आलात की नक्की लिहा.

कृष्णाकाठ | ४ ऑक्टोबर, रात्री ११:२०

आलो जाऊन. लिहायचं कबूल केलं होतं, जरा उशीर झाला.

२६ सप्टेंबरला निघालो, हवा स्वच्छ होती, धूर अजिबात नाही, नशीब म्हणायचं. पहिल्या संध्याकाळी स्पूनर लेकचा फेरा केला. आई पुढे आणि आम्ही मागे. रात्री बाबांचं डोकं थोडं दुखलं, सकाळी बरं होतं.

२७ ला, विषम तारीख बघून, टाहो मेडोज. पावणेआठला चालायला लागलो तेव्हा कुरणातल्या गवतावर दंव गोठलेलं होतं. आईने त्या लाकडी फळ्यांवरून दोन फेऱ्या मारल्या आणि मग बायकोबरोबर उन्हात बसून राहिली, तिला तेवढंच हवं होतं. मी आणि बाबा पुढे. माणशी साडेतीन लिटर पाणी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खजूर. बाबा काठी घ्यायला तयार नव्हते, पहिल्या उतारावर मुरमावरून पाय सटकला तेव्हा मागून घेतली.

वाट सुरुवातीला झाडीतून जाते आणि बाबा फारसं बोलत नव्हते, मला वाटलं दमले. मग एका जागी झाडं संपली आणि दोन्ही बाजू दिसल्या. उजवीकडे तळं, डावीकडे खाली तपकिरी दरी आणि तिच्यात ते वॉशो लेक, अगदी आपल्याकडच्या मार्चमधल्या पाझर तलावासारखं. बाबा थांबले. दोन-तीन मिनिटं नुसते इकडे बघायचे, तिकडे बघायचे. मग पहिला प्रश्न विचारला तो असा की या बाजूचं पाणी कुठे जातं आणि त्या बाजूचं कुठे जातं.

मी घरून वाचून गेलो होतो म्हणून सांगू शकलो. तळ्यातून बाहेर पडणारी एकच नदी, ट्रकी. ती टाहो सिटीला निघते, रिनोतून जाते आणि वाळवंटातल्या पिरॅमिड लेकला मिळते, समुद्राला जातच नाही. आणि या बाजूचं, वॉशो लेकचं पाणी स्टीमबोट क्रीकने उत्तरेला जातं आणि रिनोच्या पुढे त्याच ट्रकीला मिळतं. म्हणजे या धारेवर ज्या दोन थेंबांची फाटाफूट होते ते पुढे जाऊन एकाच नदीत येतात.

बाबा म्हणाले, अरे मग हे कृष्णा-कोयनाच की. महाबळेश्वरला दोघी एकाच डोंगरावर निघतात, एक इकडून जाते एक तिकडून आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर भेटतात. ते खाली बसले आणि काठीने त्या मुरमात मला दोन्ही नकाशे काढून दाखवले, एक साताऱ्याचा, एक इथला. पस्तीस वर्षं खात्यात असंच जमिनीवर काढून शेतकऱ्यांना समजावत असणार. मी लहान असताना ते सारखे साइटवर असायचे, त्यांचं काम मी कधी पाहिलंच नव्हतं, त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मग सेजब्रशचं पान चुरडलं, वास घेतला, आणि दोन पानं खिशात ठेवायला लागले तर मी नको म्हटलं. तिथून आणखी मैलभर गेलो, पाणी अर्ध्यावर आलं आणि घसारा यांचं वाक्य आठवून परत फिरलो. बाबांची अजून जायची तयारी होती. कपाळावर घामाचा टिपूस नाही आणि तरी दोघांनी मिळून जवळजवळ सहा लिटर संपवलं, तेव्हा ते किती खरं लिहिलं होतं ते कळलं.

२८ ला आराम, एमराल्ड बे गाडीतून. २९ ला मार्लेट. अॅस्पेन निम्मे पिवळे झाले होते, वारा आला की सगळं कॅनियन सळसळायचं, पिंपळाच्या पानांसारखं. खिंडीपर्यंत बाबा छान आले पण तिथे त्यांना धाप लागली, बसल्यावरही लवकर कमी होईना, म्हणून तळ्याच्या काठापर्यंत उतरलो नाही, खिंडीतून थोडं पुढे जाऊन वरूनच पाहिलं. ते हळहळले. मीही. पण उतरून परत तो चढ चढायचा होता आणि मला धोका पत्करायचा नव्हता. खाली आल्यावर दोन तासांत एकदम ठीक होते. डॉक्टरांना दाखवून आलो परवा, सगळं नॉर्मल आहे म्हणाले. ज्यांचे आईवडील साठीच्या पुढचे आहेत त्यांना सांगेन की दोन ट्रेलच्या मध्ये एक नाही, दोन दिवस ठेवा.

तळ्यात_मळ्यात, तुमच्या सायफनचा त्यांनी वहीत हिशोब केलाय, चौकोन आखून. सतराशे फूट म्हणजे चौरस इंचाला सातशे तीस पौंडांच्या वर दाब, १८७३ सालच्या लोखंडावर आणि रिव्हेटवर. मला रोज रात्री जेवताना सांगतात.

तळ्यात_मळ्यात | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

हे वाचून फार बरं वाटलं. पुढच्या महिन्यात माझे वडील येतायत, बर्फ पडायच्या आत त्यांना टाहो मेडोजला नेतो. मार्लेट मग पुढच्या वर्षी.

कृष्णाकाठ | ५ ऑक्टोबर, रात्री ९:४५

नक्की न्या. आणि सिल्व्हरस्टेट, एक शेवटचा प्रश्न. बाबांना आता पिरॅमिड लेक बघायचंय, म्हणतात नदी जिथे संपते ती जागा बघितल्याशिवाय जाणार नाही. ४ नोव्हेंबरचं तिकीट आहे. रिनोहून किती लांब पडतं आणि तिथे चालावं लागतं का?

सिल्व्हरस्टेट | ५ ऑक्टोबर, रात्री १०:२०

रिनोहून पंचावन्न-साठ किलोमीटर, तासाभरात पोचाल, गाडी काठाजवळ जाते, चालणं जवळपास नाही. ती जमीन पिरॅमिड लेक पायूट या मूळ अमेरिकी जमातीची आहे, दिवसाचं परमिट आधी काढा आणि जिथे जायला मनाई आहे तिथे जाऊ नका. झाडं नाहीत, सावली नाही, नुसतं पाणी आणि उघडे डोंगर. दुपारी वारा फार सुटतो, बाबांना कानटोपी घाला. आदल्या रात्री आमच्याकडे राहा, आईंना म्हणावं ज्वारीचं पीठ मिळालंय इथल्या दुकानात.